नऊ उसने पूर्वज

— देतो की, दर्ग्याची किल्ली देतो, नाही कुठं म्हटलं मी? पण आधी बस. दारात उभं राहून किल्ली मागायला मी काय गोदामाचा रखवालदार आहे? बस एल्मी, त्या चटईवर बस. घाई आहे हे मला सांगू नको, माहीत आहे मला. तुझा बाप पहाटे गेला, आता दुपारची नमाज उरकली, ऊन हे असं — मढं थांबत नाही, किती जण पुरलेत मी माझ्या हातानं! पोटावर लोखंड ठेवलंत ना? ठेवावं. एखादा कुदळीचा तुकडा, काहीही, नाहीतर फुगतं. आणि आंघोळ कुणी घातली? तूच? बरं केलंस. मुलानंच घालावी. चहा घे. अरे घे, थर्मासमधला आहे, तुझ्यासाठी कुणाला चूल पेटवायला लावली नाही मी. वेलची जास्त झालीय, सुनेला सांगून सांगून थकलो. बारा वर्षं मस्कतला होतास तू, तिथं असला चहा मिळत नसेल. परत कधी आलास — दहा दिवस झाले? म्हणजे बापाच्या तोंडात पाणी घालायला पोहोचलास. नशीबवान म्हातारा. माझा मुलगा माझ्या आधी गेला, माझ्या तोंडात कोण पाणी घालणार, ही चहात वेलची ओतणारी?

शिरवा. मुअल्लिम शिरवा! आम्ही दोघं एकाच फळीवर कुराण शिकलो, ठाऊक आहे तुला? एका बाजूला तो लिहायचा, दुसऱ्या बाजूला मी, आणि मार मात्र मलाच, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि माझं म्हणजे कोंबडी शाईतून पळाल्यासारखं. पुढं तो मुअल्लिम झाला, पोरांना कुराण शिकवायला लागला, कबरीचे दगड कोरायला लागला. चाळीस वर्षं या हंदुले गावात मेलेल्या प्रत्येक माणसाचा दगड त्यानं कोरला. मानतो मी त्याला. कोण म्हणतं नाही मानत? पण माणूस मानणं वेगळं आणि अव कोशिनच्या दर्ग्याच्या आवारात पुरणं वेगळं. — त्याची शेवटची इच्छा होती, हो, ऐकलं मी मघाशी, दोनदा सांगितलंस. बापाशेजारी, आज्याशेजारी. कबूल. तुझा आजा आत आहे, खापरपणजा आत आहे. त्या वेळी कुणी विचारायचं नाही रे. तेव्हा आमचे लोक समुद्राकडे पाठ करून बसायचे, उंटांना मिठाचा वास आवडत नाही म्हणून. माझे आजोबा उंट घेऊन इथं आले तेव्हा हा दर्गा, हे आवार, सगळं तुम्ही मासेखाऊच — म्हणजे आले नाहीत, परत आले. परत. आपल्या गावात माणूस परतच येतो. मध्ये काही शतकं चरायला गेले असतील.

हसू नको. बाप घरात झाकून ठेवलाय आणि हसतोस?

हं. तर ऐक. तू बाहेर होतास म्हणून सांगतो, तुला इथलं काही ठाऊक नाही. खाडीपलीकडचं ते कूळ, रेर तालोह — त्यांच्या डोक्यात पाच वर्षांपूर्वी भरलं कुणीतरी की अव कोशिन त्यांचा. ज्या सत्पुरुषानं हे बंदर वसवलं, ज्याच्या काळात हिंदवरून कापड यायचं, चीनवरून बशा यायच्या, तो म्हणे त्या शेळ्या चारणाऱ्यांचा आजा! आणि आम्ही रेर गोबाद, आम्ही कोण? आम्ही म्हणे कालचे. रोज संध्याकाळी त्यांच्या रेडिओवर तेच. आणि हे नुसतं मानापानाचं नाही बरं का. उद्या राजधानीतून मंडळी येतायत, जुन्या वास्तूंची. सोबत दोन परदेशी पंडित. दर्ग्यावर पाटी लागणार — हे बंदर अमक्या कुळाच्या अव कोशिननं वसवलं. ज्याची पाटी त्याचा धक्का, ज्याचा धक्का त्याचा नगराध्यक्ष, त्याची पोरं जकातीत, त्याची पोरं पोलिसात. दगडाचा एक तुकडा भिंतीत बसला की पुढची शंभर वर्षं बसली. कळतंय? आणि तू नेमका आज मढ्याचं काम घेऊन दारात.

त्यात दर्ग्याच्या चौकटीवर साल कोरलेलं आहे. हिजरी सातशे तीन. ते तालोहवाल्यांनी वाचलं — वाचलं म्हणजे कुणाकडून तरी वाचून घेतलं, त्यांच्यात कोण वाचणार. आणि मग त्यांचा तो रेडिओवरचा भाट, त्यानं माझ्या मुखातून आमची वंशावळ ऐकली होती एका लग्नात. पंधरा नावं. माझ्यापासून अव कोशिनपर्यंत पंधरा. त्यानं बसून भागाकार केला. रेडिओवर म्हणतो, रेर गोबादांनो, सातशे चाळीस वर्षं आणि पंधरा बाप, म्हणजे तुमचा एकेक बाप पन्नाशीला टेकल्यावर बायकोच्या खोलीची वाट सापडली का रे? — सगळं गाव हसलं. चहाच्या टपरीवर लोक मला पाहून मान खाली घालायचे, आणि खांदे हलताना दिसायचे. एक महिना मी बाजारात गेलो नाही.

तेव्हा मी शिरवाला बोलावलं. इथंच, तू बसलायस तिथंच बसला होता. म्हटलं, शिरवा, आमच्या यादीत मध्ये कुठंतरी खड्डा पडलाय, म्हातारे नावं विसरले, नऊ नावं हवीत. पंधरा आणि नऊ चोवीस, तीसएक वर्षांची एक पिढी, हिशेब चोख. तू वंशावळीतला जाणता, तू लिहून दे. म्हणाला, हाजी, खोटं आहे. म्हटलं, विसरलेलं खोटं नसतं. म्हणाला, मेलेली माणसं मी कोरतो, जन्मलीच नाहीत ती कशी कोरू? म्हटलं, तुझ्या घराचं छप्पर गोबादांच्या जागेवर आहे, विचार कर, आठ दिवस देतो. — असं बघू नको माझ्याकडे. मी मारलं नाही त्याला, आवाजसुद्धा चढवला नाही. आठ दिवस दिले. आठव्या दिवशी आणून दिली. नऊ नावं. आणि काय नावं, एल्मी! तुकाले, बेद्देल, महाद, गेद्दी, सफर, दलमार, फाहिये, हाशी, ओमार. एकामागून एक म्हणून बघ, जिभेवर अशी धावतात की पोटातूनच आल्यासारखी वाटतात. मी त्याच रात्री पाठ केली. पहिल्यांदा म्हटली तेव्हा, खरं सांगतो, रडू आलं मला. वाटलं, हे होते कुठं इतके दिवस?

मग काय, शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतली. तीनशे पोरं रोज सकाळी एका सुरात. लग्नात, शोकात, न्यायनिवाड्याला झाडाखाली बसलं तरी आधी चोवीस नावं आणि मग तक्रार. तालोहवाल्यांची दातखीळ बसली. आणि विहिरीवर त्यांच्याशी जेव्हा जुंपली, तेव्हा माझा लिबान — तू ओळखायचास त्याला, तुझ्याबरोबर पोहायला यायचा, मी त्याला बदडायचो मासेखाऊंच्यात जातोस म्हणून — लिबान कठड्यावर उभा राहून ओरडला, मी तुकालेचा, मी बेद्देलचा, मी महादचा. दलमारपर्यंत पोहोचला. तिथं गोळी लागली. नवातली पुढची तीन नावं राहिली. ती मी म्हटली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. त्याला आत पुरलं, अव कोशिनच्या पायाशी. दगड तुझ्या बापानं कोरला. कोरताना रडत होता. मला वाटलं, माझ्या पोरासाठी रडतोय.

थांब, चहा सांडला. राहू दे. पुसेल सून.

बाहेर गाढवगाडीवर काय आहे, एल्मी? — दगड, हो, दगड आहे, गोणपाटाखाली. तू इथं आत येऊन सलाम करत होतास ना, तेव्हा मी ओट्यावरच्या गुहादला खूण केली, त्यानं गोणपाट उचललं, मी खिडकीतून वाचलं. माझी नजर अजून तीक्ष्ण आहे. तू कोरलास? तो असतानाच, रात्री बसून? बापापेक्षा हात जड आहे तुझा, पण बरा आहे. रीतच आहे, आवारात दगडाशिवाय कबर नाही आणि नावांशिवाय दगड नाही, अव कोशिनपर्यंत सगळी हवीत. तू रीतीनं कोरलास. मोजली मी. चोवीस. न ओढता, न ताणता, खड्डा नाही की ठिगळ नाही — चोवीस. आणि त्यातली नऊ? वाच की. तुकाले, बेद्देल, महाद. वाच, वाच, पुढं वाच! काय हेतू होता तुझा? लिबानच्या दगडाला लागून हा दगड उभा करायचा, आणि उद्या मंडळी आली की हाताला धरून दाखवायचं — बघा, गोबादांचे नऊ आणि मासेखाऊ शिरवाचे नऊ, अक्षराला अक्षर? बापानं मरताना शिकवलं तुला हे? मला सांगितलं होतं त्यानं चार महिन्यांपूर्वी, खोकत खोकत, माझा हात धरून — हाजी, माफ कर, माणसं बनवायला जमलं नाही मला, आठ दिवस प्रयत्न केला, कागदावर नाव लिहायचं आणि त्याला तोंडच यायचं नाही, शेवटी माझ्याच घरातली दिली तुला, ती तरी खरी जगली होती. माफ कर म्हणतो! तीनशे पोरं रोज सकाळी तुमच्या कोळ्यांना बाप म्हणतायत, माझं पोर तुमच्या चुना भाजणाऱ्यांची नावं घेत मेलं, आणि हा म्हणतो माफ कर. आणि वर तुला शिकवून गेला की —

काय?

नाही सांगितलं? काहीच? — मग ही नावं… लहानपणापासून पाठ. तुमची घरातली नेहमीची. बरं. म्हणजे तू शाळेची भिंत पाहिलीच नाहीस. बापाच्या उशाशीच होतास दहा दिवस, बाहेर पडला नाहीस. तुला ठाऊकच नव्हतं. — म्हणजे आता मीच…

हं. चहा घे. घे म्हणतो ना.

बरं झालं, ऐकलंस ते बरंच झालं. मनात काही ठेवायची मला सवय नाही. पण कोण मानणार तुझं? तुमच्यात यादी बापाकडून मुलाकडे जाते, बायकांना येत नाही. बाकीचे तुमचे सगळे पहिल्या गोळीबारात बोटीत बसून मोंबासाला गेले. पाठ असलेले होते दोन. आज पहाटे झाला एक. — दगड? आतले जुने दगड? तुझ्या आज्याचा, खापरपणज्याचा, त्यांच्यावर आहेत म्हणतोस नावं. होती. खारी हवा, एल्मी, पोवळ्याचा दगड, झिजतो. — आता तू पाथरवटाचा मुलगा, तुला काय सांगायचं झिजण्याचं. बरं, नाही झिजले. काढले. मी काढवले. शिरवानं सांगितलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सात होते. तुमच्याच चुन्याच्या भट्टीत घातले, तुझा बाप अंथरुणाला खिळलेला, भट्टी रिकामीच होती. चांगला चुना निघाला. येताना दर्गा पाहिलास का, कसा दुधासारखा पांढरा झालाय उद्यासाठी? — भिंतीला हात लावलास वाटतं. बोटं पांढरी दिसतायत. धू नंतर.

ओरडू नको. माझ्या घरात आवाज चढवायचा नाही. गुहाद आणि रोबले ओट्यावर आहेत, दोघांकडे बंदुका आहेत, आणि तुझी आई तिकडे मढ्यावरच्या माश्या वारतेय. बस. — तुमच्या आज्याचे दगड जाळले तर आग लागते तुला. माझ्या पोराच्या छातीवर तुमची नावं कोरलीत, मला काय वाटत असेल? सांग की! एक तर आम्ही तुमचे भाऊ ठरतो, नाहीतर तुमचे चोर. यातलं काय होऊ मी, तूच सुचव. उद्या मंडळींसमोर उठून म्हणू, होय, अव कोशिन मासेखाऊंचाच, आमचे आजोबा उंटांमागून आले आणि तुमच्या आज्याला हटवून त्याच्या ओट्यावर बसले? खरं आहे ना ते, असेल. खरं असून काय करायचंय? खऱ्याच्या मागं माणसं किती? तुमच्यामागं एक गाढव आहे.

नाही, नाही, उठू नको, ऐक. मी काही राक्षस नाही. शिरवाला मी आत पुरू देतो. ऐकतोयस? देतो. त्याच्या बापाच्या शेजारी, जागा मला ठाऊक आहे, दगड नसला म्हणून काय, वितीवितीचा हिशेब आहे माझ्याकडे. पण दोन गोष्टी. हा गाडीवरचा दगड आत जाणार नाही, तो भट्टीत जाईल, आत्ता. बिनदगडाची कबर, वर नुसती माती, अल्लाला नावं वाचून दाखवावी लागत नाहीत. हे एक. आणि दुसरं, मी दोघांना आत बोलावतो, त्यांच्यासमोर तू एकदा सांगायचं की आमच्या घराण्याला वंशावळ नाही. आमच्या आज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, आम्ही कुणाचे तेही ठाऊक नाही, समुद्रावरून आलो एवढंच. बस. चार शब्द. उद्या कधी तुला बोलायची उबळ आली तर दोन साक्षीदार असावेत, म्हणून फक्त. बदल्यात बाप आपल्या बापाशेजारी. तू विचार कर, मी घाई करत नाही. ऊन करतंय.

काय आहे, नावं तोंडात ठेवली की उन्हात बाप ठेवायचा, आणि बापाला सावलीत नेलं की नावं सोडायची. मस्कतला असताना रोज म्हणायचास का रे? तिथल्या कामाच्या क्रेनवर बसून? एकटा? — असेल. माझा लिबानसुद्धा झोपेत म्हणायचा. आईला रात्री वाटायचं कुणाशी बोलतोय. तुझ्यासारखाच उभा राहायचा दारात, एक खांदा खाली. … त्याच्या आणि तुझ्या बापाच्या मध्ये दोन हातांचं अंतर राहील बघ. चालेल मला. चालेल.

बोलणार? बरं. गुहाद! रोबले! आत या. चपला काढून या रे, बंदूक तिथं टेका. हा मुअल्लिम शिरवाचा मुलगा, ओळखता. याला काही सांगायचंय, कान देऊन ऐका, पुन्हा विचारलं तर सांगता आलं पाहिजे. सांग, एल्मी. — मोठ्यानं. गुहादला एका कानानं ऐकू येत नाही. — हं. वंशावळ नाही. — हं. पुढं? नावं ठाऊक नाहीत. एकही? — एकही नाही म्हणतो. आणि तुम्ही कोणाचे? — ठाऊक नाही. ऐकलंत दोघांनी? अल्ला साक्षी. झालं. संपलं. पाणी पी.

काय? किल्ली?

कसली किल्ली, एल्मी? अरे, आवार कुणाचं आहे? अव कोशिनच्या वंशजांचं. तू आत्ता या दोघांसमोर आपल्या तोंडानं सांगितलंस की तुम्ही कुणाचे ते तुम्हालाच ठाऊक नाही. मग कोण कुठल्या समुद्रावरून आलेल्या माणसाला मी तिथं कसा घेऊ? उद्या तालोहवाले म्हणतील, गोबाद आपल्या पूर्वजांच्यात कुणालाही पुरतात. नाही रे. माझ्या हातात नाही ते. मिठागरापलीकडे वाळू आहे, बोटीवर मेलेले परके पुरतात तिथं, जागा मोकळी आहे, समुद्र दिसतो. गुहाद, गाडीवरचा दगड भट्टीवर उतरव आणि गाडी याला परत दे मढ्यासाठी. — हात सोड माझा. सोड. रोबले, धर याला. मारू नको, बाप गेलाय त्याचा.

जा आता. वाळू आहे, खणायला वेळ लागत नाही. दुपारच्या दुसऱ्या नमाजेला मी येतोच, पहिल्या रांगेत उभा राहीन. आमचा मुअल्लिम होता तो.